पाढे म्हणणं आणि पाढे विचारणं

मराठीत पाढ्यांच्या जोडीला दोन क्रियापदं येतात: म्हणणं आणि विचारणं. मुलं पाढे म्हणतात, मोठी माणसं पाढे विचारतात. हे एकाच कामाचे दोन टप्पे आहेत असं आपण धरून चालतो. आधी म्हणून म्हणून पाठ करायचं, मग कुणीतरी विचारून बघायचं. गेलं वर्षभर घरातल्या एका तिसरीतल्या मुलीच्या पाढ्यांमध्ये अडकल्यावर मला यातल्या दुसऱ्या कामाबद्दल शंका यायला लागली आहे. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे असा प्रश्न घरात, आपल्याच माणसाला विचारायचा अधिकार आपल्याला नेमका कुठून मिळतो?

प्रश्न फालतू वाटू शकतो. तो माझा नाहीच, भाचीचा आहे.

मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम वर्ध्यातल्या घरून करते. दादाचं दुकान रात्री नऊला बंद होतं, वहिनी ड्युटीवरून सातला येते आणि थेट स्वयंपाकाला लागते. त्यामुळे साडेसात ते आठ हा पाढ्यांचा वेळ माझ्या वाट्याला आला. एका संध्याकाळी मी विचारलं, "सात अठ्ठे?" भाची माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुले तं येते नं आत्या, मंग मले काहून विचारतं?"

सगळे हसले. उत्तर मात्र कुणाकडेच नव्हतं. आपण एरवी प्रश्न कशासाठी विचारतो? माहीत नसतं म्हणून. कंडक्टर विचारतो कुठं जायचं, डॉक्टर विचारतात कुठं दुखतं, भाजीवाली विचारते किती देऊ. उत्तर माहीत असूनही विचारायचं, आणि समोरचा चुकतो का ते बघत बसायचं, हा प्रकार आपण फार थोड्या लोकांशी करतो. उलटतपासणीतला साक्षीदार, मुलाखतीला आलेला उमेदवार, आणि लहान मूल. यातल्या उमेदवाराची बाजू मला चांगली ठाऊक आहे. माझ्या क्षेत्रातल्या मुलाखतीत समोरचा माणूस असं कोडं घालतो ज्याचं उत्तर त्याच्या लॅपटॉपवर उघडं असतं, आणि आपण फळ्यासमोर घाम पुसत उभे असतो. पण निदान मी तिथं अर्ज करून गेले होते, पगाराचा आकडा बघून. तिसरीतल्या मुलीने कुठंही अर्ज केलेला नाही.

शाळेतल्या बाईंचं वेगळं आहे. चाळीस मुलं आणि एक बाई. कोण मागे पडतंय हे कळायला त्यांना विचारावंच लागतं. थर्मामीटर लावण्यासारखं ते आहे. घरी तसं नसतं. घरी एकच मूल असतं, ते आपल्याशेजारी बसलेलं असतं, आणि आठचा पाढा त्याला अठ्ठेचाळीसनंतर येत नाही हे आपल्याला न विचारताही दिसतं. तरीही आपण विचारतोच, वर पाहुण्यांसमोर विचारतो.

वर्ध्यात बसून या विषयावर लिहायचं आणि नई तालीमचं नाव घ्यायचं नाही, हे जमणार नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला याच गावातल्या मारवाडी शाळेत गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि डिसेंबरच्या सुरुवातीलाच तिचा अहवाल आला. सात वर्षांचं सक्तीचं, मोफत शिक्षण, मातृभाषेतून, आणि हस्तोद्योगाभोवती गुंफलेलं. आम्हाला शाळेत हे चार ओळींच्या टिपेत शिकवतात आणि सहलीला सेवाग्रामला नेऊन बापू कुटी दाखवतात. मला मात्र त्या अहवालातल्या वेळापत्रकाने पकडलं. साडेपाच तासांच्या शाळेत मूळ उद्योगाला ३ तास २० मिनिटं. आणि अंकगणिताला? संगीत, चित्रकला आणि अंकगणित या तिघांना मिळून ४० मिनिटं!

आजच्या कुठल्याही पालकसभेत हे वेळापत्रक ठेवलं तर दंगल होईल. पण त्यामागे कल्पना अशी होती की गणित त्या ४० मिनिटांत कोंडलेलं नसेल, ते टकळीतून येईल. सुताचं माप बघा: एक तार म्हणजे ४ फूट, आणि ६४० तारांची एक गुंडी. आज माझे किती तार झाले? पाव गुंडी व्हायला अजून किती हवेत? एका गुंडीत किती फूट सूत? सोळा चोक चौसष्ट इथं कुणी विचारत नाही, तो समोर पडलेला असतो. आणि भाचीच्या प्रश्नाच्या बाजूने बघितलं तर महत्त्वाचं हे की शिक्षकालाही उत्तर माहीत नसतं. सूत मोजल्याशिवाय कुणालाच माहीत नसतं. दोघंही एकाच बाजूला उभे राहून मोजतात. हा खरा प्रश्न.

त्या योजनेवर आक्षेप परिषदेतच आले होते. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा झाकीर हुसेन समितीवरही होते, पण मुलांच्या उत्पादनावर शाळेचा खर्च निघावा ही गोष्ट त्यांना पटलेली नव्हती. मलाही पटत नाही. शाळेचा खर्च जर मुलांच्या सुतावर निघणार असेल, तर "आज किती तार झाले?" हा प्रश्न खरा राहतो, पण निरागस राहत नाही. तो मालकाचाही प्रश्न होऊ शकतो. पुढे योजना देशभर कशी पातळ होत गेली ती कथा मोठी आहे, तिच्यात शिरत नाही. सेवाग्रामला २००५ पासून 'आनंद निकेतन' ही शाळा त्या विचारावर पुन्हा चालते आहे, शेती, कताई, स्वयंपाक यांतून शिकवते. म्हणजे विचार संपलेला नाही.

पण नुसत्या खऱ्या प्रश्नांवर भागतं का? इथं माझी गाडी अडली. १९८५ मध्ये ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातल्या बाजारात विक्री करणाऱ्या पाच मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नुनेस, श्लीमान आणि कॅराहर हे संशोधक गिऱ्हाईक बनून गेले. ३५ चा एक नारळ, तर दहाचे किती? एका मुलाने तीन नारळांचे १०५ धरले, त्यात १०५ मिळवले, पुन्हा १०५, मग उरलेल्या एकाचे ३५, आणि ३५० वर आला. शाळेतला 'शून्य जोडा' हा नियम त्याने वापरलाच नाही. बाजारात या मुलांची सुमारे ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तीच गणितं कागदावर आकडे मांडून दिली तेव्हा सुमारे ३७ टक्के. अगदी अलीकडे, २०२५ मध्ये, अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या गटाने कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांबद्दल असंच काही 'नेचर'मध्ये मांडलं. बाजारातली मुलं तोंडी हिशेब पटापट करतात आणि पुस्तकी भागाकाराला अडखळतात. शाळेतली मुलं पुस्तकातलं करतात, पण बाजारातल्या सौद्याचा हिशेब त्यांना जमत नाही. एका बाजूचं गणित दुसऱ्या बाजूला आपोआप जात नाही.

म्हणजे टकळी फिरवली की गणित आलं, असंही नाही. पाढे पाठ केले की जगाचा हिशेब आला, असंही नाही. मधे कुणीतरी पूल बांधून द्यावा लागतो.

आमच्या घरात असा एक पूल आहे. माझी आजी. वय ऐंशीच्या आसपास, नक्की साल कुणाला माहीत नाही. देवळी तालुक्यातल्या गावात तिने उभं आयुष्य कापूस वेचला. शाळेचं तोंड बघितलं नाही, पण पाढे वीसपर्यंत येतात, शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकीसुद्धा. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. 'औट घटकेचं राज्य' म्हणतो त्यातलं औट. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, मागोमाग किलो आणि मीटर आले, आणि सोळा आण्यांच्या जगातले हे पाढे एका पिढीत बेकार झाले. जे पाठ करायलाच हवं असं एका काळाला वाटतं ते पुढच्या काळाला नको असतं, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मला माहीत नाही. असो.

तिला हे कुणी शिकवलं? तिला विचारलं तर म्हणते, "मले कोणं शाळंत घातलं व! भाऊ ओसरीवर बसून म्हनत, मी आतमंदी भांडे घासो." इतकंच. भावांना कुणीतरी पाढे म्हणायला बसवलं होतं, आणि ते मोठ्याने म्हटले जात होते म्हणून भिंतीपलीकडच्या मुलीलाही मिळाले. जिला द्यायचे नव्हते तिला.

मी सॉफ्टवेअरवाली असल्यामुळे 'गळती' हा शब्द माझ्यासाठी वाईट आहे. माहिती जिथं जायला नको तिथं गेली की आमची झोप उडते. पण पाढे म्हणण्यातली ही गळती ही त्यातली सगळ्यात न्याय्य गोष्ट होती असं मला वाटतं. म्हणणं ओसरीवरून आत झिरपतं. विचारणं झिरपत नाही, ते दोघांतच राहतं. एकाला लाज, दुसऱ्याला अधिकार.

आणि त्या झिरपलेल्या पाढ्यांचं तिने काय केलं? वेचणीची मजुरी किलोवर असते. संध्याकाळी गठोडं काट्यावर चढतं आणि वहीत आकडा पडतो. दर चार रुपये किलो होता त्या काळातली तिची एक गोष्ट आहे. तिचा कापूस भरला सदतीस किलो. तिने मनात मांडलं: चाळीस किलोचे एकशे साठ, तीन किलोचे बारा कमी, एकशे अठ्ठेचाळीस. वहीत लिहिले होते एकशे अडतीस. ती तिथंच उभी राहिली. दहा रुपये मिळाले, आणि तिच्यामागे उभ्या असलेल्या दोघींचेही हिशेब पुन्हा झाले.

म्हणून 'पाठांतर म्हणजे पोपटपंची' असं कुणी म्हटलं की मला ते अर्धंच पटतं. समजून घेणं महत्त्वाचं, हो. चाळीसमधून तीन वजा करायची युक्ती ही समज आहे, ती कुठल्याच पाढ्यात नसते. पण काट्यासमोर, दिवस मावळताना, मागे रांग असताना, चार गुणिले चाळीस नव्याने शोधायला वेळ नसतो. मनात एका वेळी फार गोष्टी मावत नाहीत. पाढा आपोआप आला तर उरलेली जागा 'हा मला फसवतोय का' या विचाराला मिळते. यंत्रंही असंच करतात. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियम चिपमध्ये भागाकार चुकत असल्याचं उघड झालं. चिप वेगाने भागाकार करायला १०६६ नोंदींचा एक तक्ता वापरायची, एका अर्थी पाठ केलेला पाढाच, आणि त्यातल्या पाच नोंदी भरायच्या राहिल्या होत्या. त्या पाच नोंदींपायी कंपनीने ४७.५ कोटी डॉलरचा फटका सोसला. इतकी हुशार चिपसुद्धा पाठ करते, मग पोरांनी केलं तर काय बिघडलं, असं मी ऑफिसात गमतीने सांगत असते.

आता अडचण सांगते. ज्या घरात आजीसारखं माणूस आहे, वेळ आहे, पाढे आहेत, त्या घरातही ती भाचीला शिकवू शकत नाही. कारण भाची सेमी इंग्लिशमध्ये आहे. तिचं गणित इंग्रजीत आहे. ती म्हणते, "सेव्हन एट्स आर फिफ्टी सिक्स." आजी म्हणते, "सात अठ्ठे छप्पन्न." आणि भाची मला विचारते, "छप्पन्न म्हणजे किती?" हा तिचा प्रश्न खरा होता, तिला खरंच माहीत नव्हतं.

आठवत असेल, जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून केवढा गोंधळ झाला होता. 'एकवीस'सोबत 'वीस एक' असंही वाचता येईल, असं त्यात सुचवलं होतं. विधिमंडळात विनोद झाले, व्हॉट्सअ‍ॅपवर तर विचारूच नका. मी तेव्हा नोकरीला नुकती लागले होते, मीही ते विनोद फॉरवर्ड होताना बघत होते. गणिताच्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर सांगत राहिल्या की मराठीत आपण 'सत्तावीस' म्हणताना सात आधी बोलतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो, त्यात लहान मुलं गडबडतात. जोडाक्षरांची भर वेगळीच. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. 'एकोणसाठ' ऐकून एकोणसत्तर लिहिणारं मूल कुणी पाहिलं नाही? नॉर्वेने तर १९५१ मध्ये सरकारी निर्णयाने अशीच उलटी मोजणी सरळ केली, टेलिफोनचे नंबर सांगताना घोळ होतो म्हणून. जग बुडालं नाही.

मला त्या वादात वेगळीच गंमत वाटते. 'वीस एक'ने मराठी मरेल म्हणून ज्या घरांतून ओरड झाली, त्यातल्या कितीतरी घरांतली मुलं तेव्हाच 'ट्वेंटी वन' म्हणत होती. 'वीस एक' आजीला कळलं असतं. 'ट्वेंटी वन'ने तिची भाषाच परीक्षेतून वगळली. घरात मुलाला वेळ देऊ शकणारं एकमेव माणूस, त्याची लायकी एका माध्यमाच्या निवडीने काढून घेतली जाते, आणि मग आपण म्हणतो पालक घरी लक्ष देत नाहीत.

ती रिकामी जागा मोबाईलने भरली. भाचीच्या फोनवर, म्हणजे वहिनीच्या फोनवर, पाढ्यांचं एक ॲप आहे. त्यात घड्याळ धावतं, बरोबर आलं की तारे पडतात, चुकलं की बझर वाजतो. इंग्लंडमध्ये २०२२ पासून चौथ्या इयत्तेच्या वयाच्या मुलांना अशी परीक्षा सरकारच देतं: २५ प्रश्न, प्रत्येकाला ६ सेकंद. भाचीच्या ॲपला काहीच 'म्हणता' येत नाही. त्याला फक्त विचारता येतं, आणि तेसुद्धा कधीच खरं नाही. हेडफोन लावलेले, त्यामुळे भिंतीपलीकडे काही झिरपत नाही.

वहिनीचं मत वेगळं आहे आणि ते मी इथं मांडलं पाहिजे. ती म्हणते, "ॲप ओरडत नाही. चुकलं तर बाजूच्या काकूला सांगत नाही. माझ्या बाबांनी पट्टी घेऊन विचारलेले पाढे मला अजून झोपेत ऐकू येतात." तिला तेराचा पाढा आजही म्हणता येत नाही, चौदाचा येतो, पंधराचा येतो, तेराला तिचा गळा बंद होतो. शिवाय ज्या घरात कुणालाच पाढे येत नाहीत, तिथं काय? वेचणीला गेलेली आई रात्री आठला दमून येते, तिला मुलाशेजारी बसून म्हणा असं सांगणारी मी कोण? त्या मुलाला ॲप हाच काय तो आधार असेल. याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. इतकंच वाटतं की मूल आपणहून ॲप उघडतं तेव्हा निदान अर्ज त्याने केलेला असतो. आपण हातात देऊन, समोर बसून, तारे मोजतो तेव्हा पट्टी फक्त डिजिटल झालेली असते.

सध्या आमच्याकडे जे चालतं ते असं. आम्ही म्हणतो. मी, भाची आणि आजी, तिघी. भाची इंग्रजीत, आजी मराठीत, एकाच वेळी, आणि तो गोंधळ ऐकायला मजा येते. अडलं की कुणीतरी पुढचं म्हणतं, थांबून बघत नाही. विचारायचं असेल तर असं काहीतरी विचारायचं जे विचारणारीलाही येत नाही. भाची मला सतरा अठ्ठे विचारते, मला खरंच विचार करावा लागतो. शाळेत सोमवारी तोंडी परीक्षा असते, तिथं तिला विचारतातच, आणि ती कधी कधी गप्प राहते. वहिनीला त्याची काळजी वाटते. मलाही. नुसतं म्हणून सगळं पाठ होतं असा दावा मी करणार नाही. आठचा पाढा अजून चौसष्टच्या पुढे लंगडतो.

परवा तिने आजीला विचारलं, "मोठी आजी, तू पूर्ण लाईफमध्ये टोटल किती कापूस वेचला?" आजीला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. भाचीने वही आणली. दिवसाला किती? आजी म्हणाली तीस किलो. हंगामात किती दिवस? धर साठ. किती वर्षं? चाळीस. तीस साठे अठराशे, हे आजीने सांगितलं. अठराशे चाळीस वेळा, हे भाचीने मांडून केलं, एकदा शून्य विसरली, पुन्हा केलं: बहात्तर हजार किलो. म्हणजे किती क्विंटल? सातशे वीस. दोघी त्या आकड्याकडे बघत बसल्या. मग आजी म्हणाली, "तीस नको लिहू. म्हातारपनी पंचवीसबी नाई भरे." भाचीने तीस खोडलं, पंचवीस लिहिलं, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.